जुन्या फियाट टोपोलिनोत मोटारसायकलचं इंजिन बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९५१ सालची फियाट ५००, म्हणजे टोपोलिनो, घरच्या शेडमध्ये उभी आहे. ब्लॉकला तडा गेल्यापासून ती चाललेली नाही. आता ओळखीत एक अपघातात चेंबलेली रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० स्वस्तात मिळते आहे. तिचं इंजिन टोपोलिनोत बसेल का, घाट चढेल का आणि आरटीओचं काय, हे तुम्हाला हवं आहे.

इंजिन बसेल. जागेचा प्रश्न सुटतो, फाउंडेशन बनवता येतं, ६५० सुरूही होईल. पण अशा कामात इंजिन हा सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त भाग असतो. खरा प्रश्न इंजिनाच्या आउटपुट शाफ्टपासून मागच्या चाकापर्यंतच्या दीड-दोन मीटरमध्ये काय घालायचं, हा आहे. मी कोल्हापुरात जुन्या गाड्यांची आणि ट्रॅकवरच्या छोट्या गाड्यांची कामं करतो. माझ्याकडे अर्धवट सोडून आलेल्या गाड्यांमध्ये इंजिन छान बसवलेलं असतं आणि त्यापुढे काही नसतं. म्हणून आधी त्या दीड-दोन मीटरबद्दल.

तुमच्याच गाडीचं एक जुनं नातं इथे सांगितलं पाहिजे. १९४६ साली इंग्लंडमध्ये सर्बिटनला जॉन कूपर आणि त्याच्या वडिलांनी दोन मोडक्या टोपोलिनोंचे पुढचे भाग, म्हणजे आडवी कमान-स्प्रिंग आणि खालचे विशबोन, एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडले आणि त्यात ५०० सीसीचं जेएपी मोटारसायकल इंजिन टाकलं. स्टर्लिंग मॉसने १९४८ मध्ये अशाच कूपरवर सुरुवात केली. १९५० पासून हा ५०० सीसीचा वर्ग आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री झाला. आता त्यांनी इंजिन कुठे ठेवलं ते पाहा: ड्रायव्हरच्या मागे, चालत्या (म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं त्या) चाकांच्या अगदी जवळ. कारण मोटारसायकलचं इंजिन चेनने चाक फिरवतं आणि चेन लांबवर नेता येत नाही. त्या सोयीतूनच पुढे मागे इंजिन असलेल्या रेसिंग गाड्यांची लाट आली आणि १९५९ व १९६० मध्ये जॅक ब्रॅबम कूपरवर जगज्जेता झाला. तुमच्या टोपोलिनोत मात्र इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे आणि चालती चाकं मागे. कूपरने जी अडचण टाळली ती तुमच्यासमोर उभी आहे.

मोटारसायकलमध्ये क्रँक आडवा असतो, म्हणजे स्प्रॉकेटचा शाफ्टही आडवा. टोपोलिनोचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा, उभा, पुढून मागे जाणारा. त्यामुळे इंजिन जागेवर ९० अंशांत फिरवून बसवायचं, स्प्रॉकेटची बाजू मागे करायची, आणि स्प्रॉकेटच्या जागी लेथवर बनवलेला अडॅप्टर लावून त्याला प्रॉपेलर शाफ्ट जोडायचा. इंग्लंडमधल्या मोटारसायकल-इंजिनाच्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या बहुतेक अशाच असतात. आउटपुट शाफ्ट मधोमध नसतो, त्यामुळे प्रॉपेलर तिरका जातो. दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट हवेत, आणि ते एकमेकांशी बरोबर जुळवून बसवले पाहिजेत, नाहीतर साठच्या पुढे गाडी थरथरायला लागते.

फिरण्याची दिशा कापाकापीच्या आधी तपासा. चेन डाव्या बाजूला असलेलं इंजिन, डावी बाजू मागे करून बसवलं, तर मागून पाहताना आउटपुट घड्याळाच्या उलट फिरतो आणि नेहमीच्या प्रॉपेलरलाही तेच हवं असतं. तरी खडूने खूण करून, गाडी जॅकवर घेऊन, चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवून प्रॉपेलर कुठे वळतो ते डोळ्यांनी पाहा. इथे उलटं झालं तर गाडीला मागे जायचे सहा गिअर मिळतात आणि पुढे जायचा एकही नाही.

आता घाटाचं. ६५० इंजिन ४७ अश्वशक्तीचं, तुमचं मूळ इंजिन साधारण साडेसोळा. त्यामुळे ताकद पुरेल का हा प्रश्नच नाही. सव्वासातशे-साडेसातशे किलोची गाडी पंधरास एक चढावर ताशी ५० किलोमीटरने न्यायला चाकाशी तेरा-चौदा अश्वशक्ती लागते. अडचण जागेवरून उठण्याची आहे. मोटारसायकल आणि चालवणारा मिळून तीनशे किलोच्या आत असतात. तुमची गाडी दोन माणसं आणि सामान धरून साडेसातशे, म्हणजे अडीचपट. मोटारसायकलचा क्लच आणि पहिला गिअर त्या तीनशे किलोंसाठी ठरवलेले आहेत.

हे आकड्यांत मांडून बघू, म्हणजे तुम्हाला तुमची मापं टाकून पुन्हा करता येईल. महामार्गावरचा घाट सहसा फार उभा नसतो, पण सोसायटीच्या तळघराचा उतार किंवा गावातली एखादी बोळ सहास एक असू शकते. साडेसातशे किलो भागिले सहा म्हणजे १२५ किलो मागे ओढतात, टायरचा विरोध धरून १३५ म्हणा. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर चाकाशी साधारण ४०० न्यूटन-मीटर लागतात, तेही फक्त गाडी मागे घसरू नये म्हणून. ६५०चा कमाल टॉर्क ५२ न्यूटन-मीटर आहे, पण तो सव्वापाच हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला ८० टक्के अडीच हजारांना हाताशी येतो. म्हणजे उठताना ४० धरा, मधली गळती वजा करून ३४. चारशे भागिले चौतीस, जवळपास १२. पहिल्या गिअरचा एकूण रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या फेऱ्या, बाराला असेल तर गाडी चढावर नुसती तोलून राहील. सुखाने उठायला अठरा-एकोणीस हवा. मोटारसायकलची मूळ चेन-स्प्रॉकेट ठेवली तर तो तेरा-चौदाच्या घरात पडतो. म्हणजे प्रत्येक चढावर लांबलचक हाफ क्लच, आणि ६५०चा क्लच तेलात बुडालेला आहे. त्याची उष्णता आणि झिजलेलं मटेरियल त्याच तेलात मिसळतं जे बेअरिंगला जातं.

आता दुसऱ्या टोकाने पाहा. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ७०० फेऱ्या मारतं. शेवटच्या गिअरमध्ये इंजिन साडेचार हजारांवर निवांत चालावं असं वाटत असेल तर एकूण रेशो ६.४ हवा. ६५०च्या पहिल्या आणि सहाव्या गिअरमध्ये साधारण तिपटीचं अंतर आहे. सहा-चार गुणिले तीन म्हणजे एकोणीस. दोन्ही टोकं जुळली. याचा अर्थ असा की गिअरबॉक्स उपयोगाचा आहे, फक्त गिअरबॉक्सनंतरची कपात मोटारसायकलपेक्षा सुमारे दीडपट जास्त हवी. तुमच्या मागच्या अ‍ॅक्सलचा क्राउन-पिनियन, म्हणजे तिथली गिअरची जोडी, बहुधा त्याहूनही जास्त कपात करतो. तसं असेल तर गाडी उठेल झकास, पण ऐंशीला इंजिन सहा हजारांच्या जवळ ओरडत राहील. मग अडॅप्टरऐवजी एक छोटा जॅकशाफ्ट (मधला जोड शाफ्ट) आणि दोन स्प्रॉकेट घालून वेग थोडा वाढवून घ्यावा लागतो. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. दोन्ही मागची चाकं उचला, एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि प्रॉपेलरच्या फेऱ्या मोजा.

रिव्हर्स. मोटारसायकलला तो नसतो आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारसायकल सोडून इतर वाहनाला स्वतःच्या ताकदीवर मागे जाता आलं पाहिजे. परदेशात प्रॉपेलरच्या मध्ये बसणारे रिव्हर्स बॉक्स तयार मिळतात, महाग असतात, पण काम नीट करतात. आपल्याकडे प्रॉपेलरवर रिंग गिअर बसवून जुन्या स्टार्टर मोटरने गाडी मागे ढकलायची पद्धत आहे. सपाट जागेवर पार्किंगपुरती ती चालते. चढावर मागे घ्यायची वेळ आली की मोटर तापते आणि बॅटरी बसते. मी ती फक्त ट्रॅकच्या गाडीला लावतो. रस्त्यावरच्या गाडीला यांत्रिक रिव्हर्सच हवा.

इथेच एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टोपोलिनोचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्समिशनवर लागतो. जुना गिअरबॉक्स काढलात की हँडब्रेकही गेला, आणि स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते. हँडब्रेक नव्याने उभा करायचा म्हणजे एकतर प्रॉपेलरवर नवी डिस्क, नाहीतर मागच्या ड्रममध्ये केबलची यंत्रणा. दोन्ही होण्यासारखं आहे, पण ते अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

तेलाबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण चांगली इंजिनं इथेच मरतात. मोटारसायकल वळणावर कलते. त्यामुळे तेलावरचा जोर इंजिनाच्या दृष्टीने नेहमी खालीच असतो आणि संपमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, तेल पंपाच्या पिकअपच्या जाळीवर टिकून राहतं. गाडी कलत नाही. वळण लांब आणि वेगाचं असेल तर तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं. काही सेकंद पुरेसे असतात. आता तुमचं इंजिन ९० अंशांत फिरलेलं असेल, त्यामुळे हिशेब बदलतो. वळणाचा जोर इंजिनाच्या पुढे-मागे लागेल, आणि ब्रेक लावल्यामुळे व वेग वाढवल्यामुळे त्या दिशेचा जोर त्या संपने मुळात पाहिलेला आहे. उलट ब्रेक, वेग वाढवणं आणि घाटाचा कायमचा उतार हे सगळं इंजिनाच्या आडव्या दिशेने येईल, ज्याची त्याला सवय नाही. आंबेनळीसारख्या घाटात उतार मिनिटभराचा नसतो, गाडी तास-अर्धा तास एकाच दिशेला झुकलेली असते. म्हणून संप उघडून पिकअपभोवती तेल अडवून ठेवणारी बॅफल प्लेट लावायची, तेलाची पातळी वरच्या खुणेवर ठेवायची, आणि डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा बसवायचा. नुसता लाल दिवा चालणार नाही. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तेल ओल्या क्लचसाठी चालणारंच घ्यायचं, जेएएसओ एमए२ प्रतीचं, आणि मोटारसायकलपेक्षा लवकर बदलायचं. मोटारगाडीचं तेल ओतलं तर क्लच घसरेल.

थंडाव्याचंही तसंच. ६५० हवेने आणि तेलाने थंड होतं, म्हणजे त्याला वारा समोरून सरळ लागला पाहिजे. टोपोलिनोच्या नाकाखाली, मडगार्डच्या मध्ये, तो येत नाही, आणि फिरवलेल्या इंजिनाच्या पंखांमधून तर आडवा जातो. पत्र्याचं डक्ट, सिलिंडरभोवती आवरण, ऑइल कूलर जाळीच्या मागे आणि त्यावर पंखा, एवढं लागेल. पंखा, दिवे आणि वायपर मिळून मोटारसायकलच्या चार्जिंगवर किती भार पडतो तेही मोजून घ्या. तो स्टेटर एका हेडलाइटच्या हिशेबाने बनवलेला असतो.

इंजिन घेणार असाल तर चेंबलेली का होईना, पूर्ण गाडी घ्या. १९५०च्या दशकात नॉर्टन कंपनी मँक्स या रेसिंग मोटारसायकलचं नुसतं इंजिन विकत नसे, म्हणून रेसवाले अख्खी मोटारसायकल घेऊन इंजिन काढून घेत, आणि उरलेल्या सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन घालून ट्रायटन तयार होत. आज कारण वेगळं आहे: ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), संपूर्ण वायरिंग, किल्लीचा संच, फ्युएल पंप, सेन्सर. मोटारसायकल आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ दिशेतच, सरळ उभा बसवावा लागतो, नाहीतर ईसीयूला गाडी कायमची पडलेली वाटते. साइड स्टँड आणि क्लचचे स्विचही विसरू नका. त्यांच्यामुळे दोन-दोन दिवस स्टार्ट न होणारी गाडी मी पाहिली आहे.

आणि मागचा अ‍ॅक्सल. साडेसोळा अश्वशक्तीसाठी बनवलेले अर्धे शाफ्ट आणि क्राउन-पिनियन सत्तर वर्षांनंतर जवळजवळ तिप्पट ताकद घेणार. हळू चालवणाऱ्याच्या हाती ते टिकतील. पण दुसरं कोणी बसलं, क्लच झटक्यात सोडला, तर शाफ्टच्या स्प्लाइन पिळवटतात. हे सुटे भाग तुम्हाला इथल्या बाजारात मिळणार नाहीत. मागे सस्पेन्शनसकट दुसरा अ‍ॅक्सल घालणं हा एक मार्ग आहे, पण तिथून पुढे ती टोपोलिनो राहत नाही.

कायद्याचं सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद केली. मोटारसायकलचं इंजिन टाकलं की इंजिन नंबर, क्यूबिक कपॅसिटी, सगळंच बदलतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावर ठेवेल. शिवाय जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपातल्या गाडीला. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी तिथे बसत नाही. म्हणजे ६५० टाकून तुम्ही रस्त्यावरचा हक्क आणि विंटेजचा दर्जा, दोन्ही गमावाल. बंद ट्रॅकवर किंवा स्वतःच्या शेतात चालवायची असेल तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे उत्तर तुम्हाला गाडीकडून काय हवं यावर अवलंबून आहे. नुसती चालती गाडी हवी आणि मूळपणाची पर्वा नाही, असं असेल तर ६५०पेक्षा मारुती ओम्नीचं इंजिन आणि गिअरबॉक्स शहाणपणाचा आहे. ७९६ सीसी, क्रँक उभा, कोरडा क्लच, रिव्हर्स त्यातच, मागे प्रॉपेलर जोडायची सोय कारखान्यातूनच, आणि टॉर्क अडीच हजारांच्या आसपासच पूर्ण मिळतो. वर सांगितलेल्या निम्म्याहून जास्त अडचणी तिथे उद्भवतच नाहीत. कायद्याची अडचण मात्र तीच राहते. मोटारसायकल-इंजिनाच्या छोट्या गाडीचीच ओढ असेल, आणि ती ओढ मला चांगली कळते, तर कूपरसारखं करा: वेगळी हलकी चौकट, इंजिन मागे, चेन छोटी, गाडी ट्रॅकपुरती. त्या गाडीत ६५० खऱ्या अर्थाने खुलेल. आजोबांची गाडी त्यासाठी कापू नका. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्याच्या काळातल्या टोपोलिनो आता मोजक्याच उरल्या आहेत. एकदा फायरवॉल आणि चॅसीचा पुढचा आडवा सदस्य कापला की तो परत मूळ मापात आणणं फार थोड्यांना जमतं.

माझं मत विचाराल तर तुमचं मूळ इंजिन मेलंय हे अजून सिद्ध झालेलं नाही. ब्लॉक बिडाचा आहे. तड्याच्या बाहेरच्या बाजूने पाणी झिरपत असेल, म्हणजे तडा वॉटर जॅकेटच्या भिंतीत असेल, तर मेटल स्टिचिंगने तो कायमचा बंद होतो. तड्याला आडवी भोकं पाडून त्यात निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकतात, मग तड्याच्या रेषेवर एकात एक अडकणारे स्टड घालतात. वेल्डिंगसारखी उष्णता लागत नाही, म्हणून ब्लॉक वाकत नाही. तडा सिलिंडरच्या भिंतीत असेल तर बोअर करून लायनर घालता येतो. मेन बेअरिंगच्या भिंतीत गेला असेल तर मात्र मी दुसरा ब्लॉक शोधायला सांगेन. इथे कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला अशी बिडाची कामं करणारे जुने कारागीर अजून आहेत. काम देण्यापूर्वी त्यांचा आधीचा एखादा दुरुस्त केलेला ब्लॉक दाबाखाली तपासलेला पाहायला मागा.

म्हणून ६५०चे पैसे देण्याआधी एवढं करा. हेड उतरवा, ब्लॉक रॉकेलने स्वच्छ धुवा, वाळवा, आणि तडा कुठून कुठे गेला आहे ते डाय-पेनेट्रंटचा लाल रंग मारून पाहा. क्रँक हाताने फिरतो का बघा. मागची चाकं उचलून प्रॉपेलरच्या फेऱ्या मोजा आणि चॅसीच्या पुढच्या टोकाला गंज किती खोल आहे ते स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. तड्याचे आणि बेअरिंगच्या भिंतीचे जवळून काढलेले फोटो पाठवा, त्यांच्या शेजारी मोजपट्टी ठेवा. ब्लॉक वाचणार की नाही हे मी त्यावरून सांगू शकेन. तोवर इंटरसेप्टरवाल्याला थांबायला सांगा.